मु. पो. पासून @ पर्यंत

मु. पो. पाटस, ता. दौंड, जि. पुणे. आमच्या गावचा पत्ता एवढाच, आणि टपाल खात्यात तो शेवटाकडून वाचला जातो. लांबच्या गावी पत्रांची छाननी करणाऱ्याला 'जि. पुणे' पुरतं. पुण्यातला माणूस तालुका आणि पोस्ट बघून थैली ठरवतो. पाकिटावरचं सगळ्यात वरचं नाव वाचायचं काम यांच्यापैकी कुणाचंच नाही. ते पाटसच्या पोस्टमनचं. आमच्या गावात शितोळे आडनावाची घरं पुष्कळ. त्यातले पत्रावरचे शितोळे कोणते, हे गावातल्या माणसालाच कळणार. माझे वडील, आप्पा, हेच काम करत निवृत्त झाले. 'शितोळे मास्तर, पाटस' एवढ्याच मजकुराचं कार्डसुद्धा ते पोचवत. मास्तर एकाहून अधिक असले, तर पाठवणाऱ्याच्या गावावरून कुणाचे पाहुणे तिकडे आहेत ते आठवून दार ठरवत.

मी त्याच गावातून दौंड–पुणे गाडीनं कामाला जाते. जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत आणणं हे माझं काम. त्यात एक छोटं फंक्शन पुन्हा पुन्हा समोर येतं: फॉर्ममध्ये भरलेला ई-मेलचा पत्ता बरोबर आहे की नाही, हे ठरवणारं. आधी पर्लमध्ये लिहिलेलं, मग जावात नेलेलं, मग पायथनमध्ये, आता गोमध्ये. दोन-चार ओळींचा मजकूर, पण त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक अन्याय सतत होत आला आहे, असं माझं ठाम मत आहे: 'पो.' वाचायचा अधिकार असलेल्यांनी 'मु.' च्या वरचं नावही तपासायला घेतलं.

पत्त्याची शिस्त आपल्याकडे आली ती टपालाच्या दराबरोबर. १८५४ साली देशभर एकच दर ठरला, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते कितीही लांब जावो. १८५८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन पुण्याच्या पुढे दिकसाळपर्यंत गेली, ती पाटसवरूनच. रेल्वेनं टपालाचा वेग वाढवला, पण गावांच्या नावांचा घोळ तिला सोडवता येण्यासारखा नव्हता. आमच्या शेजारचं शिरूरच घ्या. एक शिरूर पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी, दुसरं शिरूर कासार बीड जिल्ह्यात, तिसरं शिरूर अनंतपाळ आणि चौथं शिरूर ताजबंद लातूर जिल्ह्यात. म्हणून जुनी माणसं आजही 'शिरूर (घोडनदी)' असं लिहितात. त्यात पत्ते लिहिणार कुणी मोडीत, कुणी बाळबोधीत, कुणी गुजराती, कन्नड, उर्दू लिपीत.

या घोळावर उत्तर काढलं ते एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित, कवी, नाटककार. त्यांच्या पुढाकारानं १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. सहा आकडे: पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून छाननी जिल्ह्याचे, उरलेले तीन पोस्टाचे. लिपी कुठलीही असो, आकडे वाचता आले म्हणजे झालं. पाटसचा पिन ४१२२१९, शिरूरचा ४१२२१०. पण तालुक्याचं गाव दौंड, आमच्यापासून गाडीनं पुढचं मोठं स्टेशन, त्याचा पिन ४१३८०१. तालुका एक आणि छाननी जिल्हे दोन. टपालाच्या दृष्टीनं त्यात काही गैर नाही, कारण पिन हा टपालाच्या सोयीचा आहे, महसुलाच्या नाही. हे न समजून घेता कुणीतरी लिहिलेला एक फॉर्म मी पाहिला आहे. तालुका दौंड निवडला, की पिन ४१३ नेच सुरू झाला पाहिजे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पाटसच्या मुलांचे अर्ज पुढे सरकेनात. मुलं घाबरून आप्पांकडे आली, आपला पिन बदलला का, म्हणून विचारत. आप्पा म्हणाले, "पिन तोच आहे रे. ज्यानं हे बनवलं त्याला विचारा, पाटसला कधी आला होता का."

वेलणकरांचा पिन येण्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, अमेरिकेत केंब्रिज गावी बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिलं ई-पत्र पाठवलं. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्या मध्ये कुठलं चिन्ह घालायचं, हा प्रश्न होता. टॉमलिन्सन यांनी टेलिटाइपच्या कळफलकावरचं @ निवडलं, कारण ते कुणाच्याही नावात येत नव्हतं. तेव्हापासून ई-मेलचा पत्ता दोन भागांचा झाला. @ च्या पलीकडे पोस्ट, अलीकडे माणूस. पाटसच्या मुलीला हे समजायला वेळ लागत नाही.

या पत्त्याचे नियम १९८२ च्या ऑगस्टमध्ये नीट लिहून निघाले. डेव्हिड क्रॉकर यांनी पत्राचा नमुना सांगणारा आरएफसी ८२२ हा दस्तऐवज लिहिला, आणि जॉन पोस्टेल यांनी पत्र पोचवण्याची रीत सांगणारा आरएफसी ८२१. पुढे २००१ आणि २००८ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या सगळ्यांत एक नियम अगदी स्पष्ट आहे: @ च्या अलीकडच्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त पलीकडच्या यंत्राला, वाटेतल्या कुणालाही नाही. म्हणजे शितोळे कोणते, ते पाटसनं ठरवायचं. शिवाय हे नियम फार उदार होते. अलीकडच्या भागात अधिकचं चिन्ह चालतं, आडवी रेघ चालते, अपॉस्ट्रॉफी चालतो. अवतरणचिन्हांत घातली तर मोकळी जागासुद्धा चालते.

मग तपासणीचं फंक्शन आलं कुठून? वेबवरच्या फॉर्ममधून. आपल्याकडे ई-मेल आधी शिक्षणसंस्थांत आला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात मुंबईच्या जुहूमधल्या एनसीएसटी या संस्थेचा मोठा वाटा होता, आणि डॉट इन हे भारताचं टोपणनावही सुरुवातीला तीच संस्था सांभाळत होती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुलं केलं. पाठोपाठ हॉटमेल, रेडिफमेल आले, आणि गावोगावच्या सायबर कॅफेत पोरं आपापला आयडी काढू लागली. फॉर्म भरताना चुका होणारच. @ राहून जाई, ठिपक्याच्या जागी स्वल्पविराम पडे, आणि पत्र परत येई. ते टाळायला फॉर्म लिहिणाऱ्यांनी दारातच तपासणी बसवली. हेतू चांगला होता.

तपासणीचं हत्यार होतं रेग्युलर एक्स्प्रेशन, आम्ही ज्याला रेजेक्स म्हणतो. अक्षरांचा नमुना सांगायचा आणि समोरचा मजकूर त्यात बसतो का ते बघायचं. याचं गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये मांडलं, केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ते संगणकावर वेगानं चालवण्याची पद्धत दिली, आणि १९८७ मध्ये आलेल्या लॅरी वॉल यांच्या पर्लनं ते घरोघरी नेलं. त्या काळी वेबचे फॉर्म बहुतेक पर्लवर चालत. जेफ्री फ्रीडल यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात आरएफसी ८२२ चे नियम जवळजवळ पुरे पाळणारा रेजेक्स दिला, तो साडेसहा हजार अक्षरांचा भरला. एवढा मजकूर कोण आपल्या फॉर्ममध्ये घालणार? लोकांनी एका ओळीचे नमुने बनवले, एकमेकांकडून उतरवून घेतले, आणि त्या एका ओळीत प्रत्येकानं आपल्या पाहण्यातले पत्तेच तेवढे बसवले.

त्यामुळे जुन्या फंक्शनचं वय त्याच्या अंगावरच वाचता येतं, आणि या कामातला हा भाग मला मनापासून आवडतो. शेवटच्या ठिपक्यानंतर दोन किंवा तीनच अक्षरं चालतील असं लिहिलेलं असेल, तर ते २००१ च्या आधीचं समजावं. तेव्हा कॉम, ऑर्ग आणि देशांची दोन अक्षरी नावं एवढंच जग होतं. दोन ते चार अक्षरं असतील, तर डॉट इन्फो येऊन गेलेलं आहे, पण त्याच वर्षी आलेलं डॉट म्युझियम लिहिणाऱ्याच्या नजरेत आलेलं नाही. पत्त्याची कमाल लांबी ३२० लिहिली असेल, तर ती २००४ च्या आरएफसी ३६९६ मधून उचललेली असणार. तिथे अलीकडचे ६४, पलीकडचे २५५ आणि मधलं @ अशी बेरीज होती. नंतर शुद्धिपत्र निघालं आणि मर्यादा २५४ ठरली, पण ३२० अजून शेकडो ठिकाणी नांदतं आहे. ठिपक्यापुढे एकच तुकडा मानणारा नमुना असेल, तर तो भारताबाहेर लिहिलेला. इथल्या माणसाला याहू डॉट को डॉट इन रोज दिसत होतं.

अपॉस्ट्रॉफी नाकारणाऱ्या फंक्शनचा राग मला सर्वांत जास्त येतो. वसईत आणि गोव्यात डिसोझा, डिमेलो ही आडनावं रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफी घालून लिहिली जातात. ज्या कार्यालयात आडनावावरून आयडी बनतो, तिथे तो अपॉस्ट्रॉफी पत्त्यात येतो. नियमानं तो पत्ता बरोबर. पत्र तिथे जातं. फॉर्म मात्र म्हणतो, तुमचा पत्ता चुकीचा आहे. चिन्हामुळे डेटाबेसमध्ये घोळ होईल या भीतीनं ते बंद केलेलं असतं. तो घोळ डेटाबेसकडे मजकूर पाठवतानाच नीट हाताळायचा असतो. त्यासाठी माणसाचं आडनाव बंद करणं मला मान्य नाही.

आता भाषांतराकडे येते. मराठीतलं वाक्य हिंदीत नेताना शब्द तोच राहिला तरी अर्थ बदलतो, हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण सावध असतो. रेजेक्स नेताना लोक सावध नसतात, कारण तो सगळीकडे हुबेहूब सारखा दिसतो. जावास्क्रिप्ट, पायथन, जावा, पीएचपी सगळ्यांनी पर्लचीच चिन्हं घेतली. पण नमुन्याच्या शेवटी लिहायचं डॉलरचं चिन्ह बघा. जावास्क्रिप्टमध्ये आणि गोमध्ये त्याचा अर्थ 'मजकूर इथेच संपला पाहिजे'. पर्लमध्ये आणि पायथनमध्ये अर्थ 'इथे संपला पाहिजे, पण शेवटी एखादी नवी ओळ असली तर चालेल'. रूबीत अर्थ 'ही ओळ संपली पाहिजे', पुढे कितीही ओळी असोत. जावास्क्रिप्टमधलं फंक्शन पायथनमध्ये जसंच्या तसं नेलं, की दाराची फट उघडते. पत्त्याच्या मागे नवी ओळ चिकटवून ई-पत्राच्या मथळ्यात नको ती भर घालण्याची वाट मोकळी होते. ही भीती कागदावरची नाही. पायथनमधल्या जँगो या प्रसिद्ध चौकटीच्या ई-मेल तपासणीत नेमकी हीच फट निघाली, आणि २०१५ च्या जुलैमध्ये त्यांना सुरक्षेची दुरुस्ती काढावी लागली.

जावातून पायथनमध्ये येताना आणखी एक खड्डा. जावाचं 'मॅचेस' पूर्ण मजकूर नमुन्यात बसवून बघतं. पायथनचं 'मॅच' फक्त सुरुवात बघतं, शेवटाकडे ढुंकूनही पाहत नाही. पूर्ण मजकूर बघणारं 'फुलमॅच' पायथनमध्ये २०१४ मध्ये आलं. आणि गोमध्ये जाताना तर पुढे डोकावून बघणारे नमुने चालतच नाहीत. सलग दोन ठिपके नकोत, अशी अट पर्लमध्ये एका तुकड्यात बसते. गोमध्ये ती वेगळी ओळ लिहून तपासावी लागते. त्यामागे कारण आहे. पर्लच्या धाटणीचं इंजिन काही मजकुरांवर मागे-पुढे फिरत अडकून पडतं. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं मोठं संकेतस्थळ अशाच एका साध्या नमुन्यामुळे ३४ मिनिटं बंद पडलं होतं. गोनं ही जोखीम मुळातच नाकारली आणि थॉम्प्सन यांच्या १९६८ च्या पद्धतीची वाट धरली. गो भाषा घडवणाऱ्या तिघांत स्वतः केन थॉम्प्सन आहेत. गोमध्ये पत्ता वाचायचं तयार साधनही आहे, पण ते 'नाव आणि कंसात पत्ता' असा पूर्ण मजकूरही मान्य करतं, तेव्हा तपासणीला ते जसंच्या तसं वापरू नये.

इथपर्यंतचा इतिहास रोमन अक्षरांचा. माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. २०१२ मध्ये आरएफसी ६५३० पासूनच्या मालिकेनं @ च्या दोन्ही बाजूंना जगातली कुठलीही लिपी चालेल असं ठरवलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जीमेल अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करू लागलं आणि त्याच महिन्यात देवनागरीतलं डॉट भारत सुरू झालं. म्हणजे पाटसच्या माणसानं आपला पूर्ण पत्ता आपल्या लिपीत ठेवायला नियमाची आडकाठी राहिली नाही. आडकाठी राहिली ती दारातल्या फंक्शनची.

'पाटस' हा शब्दच मी तपासणीला घालते. आपल्या डोळ्यांना ही तीन अक्षरं. युनिकोडमध्ये चार खुणा: प, काना, ट, स. युटीएफ-८ मध्ये साठवली की बारा बाइट. पायथनला लांबी विचारली तर ४ सांगतो, गोला विचारली तर १२. नियमातली ६४ ची मर्यादा बाइटमध्ये आहे, म्हणून देवनागरी नावाला त्यात एकवीस खुणांचीच जागा. पायथनमधली लांबीची अट गोमध्ये आणताना हे बघावं लागतं. मग येतो 'शब्दातलं अक्षर' सांगणारा नमुना, तिरकी रेघ आणि डब्ल्यू. जावास्क्रिप्ट, जावा आणि गो यांच्या लेखी, मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर, देवनागरी अक्षर हे अक्षरच नाही. पायथन ३ प ओळखतो, पण काना ओळखत नाही. त्याच्या लेखी 'पाटस' हा शब्द प च्या पुढेच तुटतो. कानामात्रा ही अक्षराला जोडलेली खूण आहे, स्वतंत्र अक्षर नाही, अशी युनिकोडची वर्गवारी आहे, आणि पायथननं ती अर्धवट लावली. जावात २०११ पासून एक खूण चालू केली की कानामात्रेसकट पूर्ण शब्द मान्य होतो. आकड्यांचं उलट. ४१२२१९ हा पिन मराठी आकड्यांत लिहिला, तर पायथनचा आकड्याचा नमुना तो आनंदानं घेतो, जावास्क्रिप्टचा घेत नाही. आमच्या गावात पाकिटावर मराठी आकडेच लिहिले जातात, आणि त्यानं पत्र कधी अडलं नाही.

डॉट भारतची आणखी एक गोष्ट. जुन्या यंत्रांसाठी त्याचं पुनीकोडमध्ये रोमन रूप बनतं: एक्सएन, दोन आडव्या रेघा, मग एच२बीआरजे९सी. त्यात आकडे आहेत, रेघाही आहेत. शेवटच्या ठिपक्यापुढे फक्त रोमन अक्षरं मानणारं फंक्शन भारत हे नाव देवनागरीतही नाकारतं आणि रोमन रूपातही.

मग करायचं काय? @ आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे का, लांबी बाइटमध्ये मर्यादेत आहे का, नवी ओळ किंवा नियंत्रणाची चिन्हं घुसलेली नाहीत ना, एवढंच दारात बघावं. पलीकडचं पोस्ट खरोखर आहे का, ते इंटरनेटवरच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या डीएनएसला विचारावं. आणि मग त्या पत्त्यावर एक पत्र पाठवून, ते मिळाल्याची खूण परत मागावी. पत्ता बरोबर असल्याचा पुरावा त्याहून दुसरा नाही. आप्पांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग रजिस्टर पत्राची पोचपावतीच की ही. आम्ही दुसरं काय करत होतो?"

हे वाचणाऱ्यांत कुणी असं फंक्शन एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेत असेल, तर त्याला माझी विनंती आहे. जुन्या फंक्शनच्या ओळी उतरवण्याआधी पत्त्यांची एक यादी करा. अपॉस्ट्रॉफीवाला डिसोझा, अधिकचं चिन्ह असलेला पत्ता, को डॉट इन, डॉट म्युझियम, शेवटी नवी ओळ चिकटवलेला खोटा पत्ता, आणि दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला डॉट भारतचा एक पत्ता त्यात असू द्या. ही यादी दोन्ही भाषांत चालवा आणि जिथे उत्तर वेगळं येईल तिथे थांबा. मराठी पत्ता नाकारला गेला, तर 'असे पत्ते कुणी वापरत नाही' असं म्हणून पुढे जाऊ नका. फॉर्म घेत नाहीत म्हणूनच लोक ते वापरत नाहीत.